कांदे निवडताना

शनिवारी रात्री साडेनऊला लाइट गेली
आणि इस्त्री अर्धीच राहिली.
उजवी बाही कडक, डावी चुरगळलेली.
दीना म्हणाली, राहू द्या, देव काय बाह्या बघतो?
देव नाही बघत. मंडळी बघते.
उद्या प्रभुभोजन,
आणि पेल्यांचा ट्रे माझ्या हातात.

ऑगस्टातली दमट रात्र, पिंपळनेरात पान हलत नव्हतं.
अंगणात बाज टाकून मी उद्याची प्रार्थना जुळवत बसलो.
"हे परमदयाळू, सर्वसमर्थ, स्वर्गीय पित्या"
इथवर छान.
पुढे "आम्ही पापी."
आम्ही म्हटलं की बरं असतं,
त्यात अख्खी मंडळी मावते, पाळकसाहेबही येतात,
मी एकटा कुठं सापडत नाही.
गेल्या वेळी थोमाकाका म्हणाले होते,
तुमची प्रार्थना ऐकतच राहावी अशी.
ते वाक्य मी आठ महिने
पाकिटात नोटेसारखं घडी घालून ठेवलंय.

तेवढ्यात चाळीकडून वास आला.

कांद्याचं असं असतं,
वरून सगळे लालबुंद, सालं कागदासारखी वाजतात,
आणि मधे कुठंतरी एक जण मऊ पडून
शेजाऱ्याला ओला करत असतो.
बॅटरी घेऊन आत शिरलो.
नुसतं बघून कळत नाही,
हात कोपरापर्यंत घालावा लागतो.

सापडला.
आणि त्याच्यासोबत सीलासही सापडला,
माझा धाकटा,
ज्याच्याशी मी दोन पावसाळे बोललो नव्हतो.
बापाच्या विहिरीवर त्याची पाळी गुरुवारची.
वाटणीचा कागद करताना मी गुरुवार विसरलो.
विसरलो, असं सगळ्यांना सांगितलं.
देवालाही तेच सांगितलं,
जरा चांगल्या शब्दांत.

आई घंटेच्या तासभर आधी देवळात जायची.
चटईवर, पदर डोक्यावर, गप्प.
ओठसुद्धा हलायचे नाहीत.
गीतांचं पुस्तक बऱ्याचदा उलटं धरलेलं असायचं.
मी सहावीत होतो, विचारलं,
काय करतेस गं इतका वेळ?
"घर मोकयं करस, पोऱ्या.
पाव्हना येई राहिना."
तेव्हा मला वाटलं होतं,
हिला प्रार्थना येत नाही.

पहाटे पाचला सीलासच्या चाळीत उजेड दिसला.
तोही निवडतच होता.
त्याच्यासमोर उकिडवा बसलो, पाटीत हात घातला.
बराच वेळ फक्त सालं वाजली.
मग म्हणालो, गुरुवार तुनाच व्हता.
माले याद व्हतं.
"माले माहीत शे," तो म्हणाला,
आणि एक सडका कांदा माझ्या खांद्यावरून
मागे उकिरड्यावर भिरकावला.
क्षमा केली वगैरे काही म्हणाला नाही.
चहा मात्र आला, दोन कपांत.
एकाचा कान तुटलेला होता,
तो त्याने स्वतःकडे ओढला.

पहिली घंटा झाली तेव्हा मी त्याच्याच ओट्यावर होतो.
घरी पळालो. डावी बाही तशीच अंगात चढवली.
साबण दोनदा लावला, वास गेला नाही.

ट्रे घेऊन बाकामागून बाक मागे मागे गेलो.
फुटक्या काचेच्या खिडकीपाशी सीलास बसतो.
त्याने पेला उचलला. वर बघितलं नाही.
त्याच्याही नखांत सालींची काळी भुकटी होती.

मग पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करा.
उभा राहिलो.
तोंडाशी काहीच येईना,
परमदयाळू नाही, सर्वसमर्थ नाही.
पंखा कुरकुरत होता, कुणीतरी खोकलं,
थोमाकाका डोळे मिटून वाट बघत होते.

"देवा," म्हणालो, "मी उनू."

पुढचं सुचलं नाही. बसलो.

चाळीत अजून निम्मा कांदा निवडायचा आहे.